केशरी नसलेल्या यंत्रावरचा तिरंगा : एका शाळेच्या बीबीसी मायक्रोचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला एक मोठं गाव आहे. तिथल्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. १९८८-८९ साली मुलांनी शाळेच्या कम्प्युटरवर काढलेला तिरंगा पुन्हा पडद्यावर दाखवायचा, असं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं. मूळ यंत्र कपाटात बंद पडलेलं होतं, त्यामुळे काम एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कम्प्युटरवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, करायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. जुन्या जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला. तो पहिल्याच फटक्यात चालला आणि झेंडा उमटला. तेव्हा कम्प्युटर शिकवणारे, आता निवृत्त झालेले सर पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा आपला झेंडा नोहे बाप्पा. केशरी कुठी आहे याच्यात?"

सरांचं म्हणणं खरं होतं. वरच्या पट्ट्यात लाल आणि पिवळ्या रेघा एकीखाली एक दिसत होत्या. लांबून पाहिलं की त्यांचा हळदीकडे झुकणारा पिवळा व्हायचा. केशरी म्हणावा असा रंग कुठेच नव्हता.

एम्युलेटरही आपल्या जागी बरोबर होता. यंत्राच्या मेमरीत लाल आणि पिवळाच आहे, आणि त्याने तेच दाखवलं. या प्रकरणाचा सगळा पेच इथेच आहे. जुन्या घरगुती कम्प्युटरचा रंग चिपमध्ये पूर्ण होत नसे. चिपमधून निघून, केबल आणि टीव्हीतून जाऊन, पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत तो घडत असे. मुलांनी प्रोग्रॅम लिहिला तो त्या शेवटच्या टोकाकडे पाहून. आपण फक्त पहिलं टोक जपलं, तर त्यांनी काढलेलं चित्र आपल्या हाती येतच नाही.

यंत्र आणि जर्नल

बीबीसी मायक्रो हा केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा कम्प्युटर, डिसेंबर १९८१ चा. ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर, आणि मॉडेल बी मध्ये ३२ किलोबाइट मेमरी. भारतात १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हेच यंत्र निवडलं गेलं. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा होत्या, पुढे ती संख्या वाढत गेली. आमच्या शाळेला ते नंतरच्या टप्प्यात मिळालं.

या यंत्रात लाल, हिरवा आणि निळा हे तीन सिग्नल एकतर चालू असतात किंवा बंद. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ रंग : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा. पडद्यावर चित्र मांडण्याचे वेगवेगळे 'मोड' असत, त्यातल्या मोड २ मध्ये सोळा रंग मिळतात असं पुस्तकात असायचं, पण त्यातले आठ हे याच आठांच्या लुकलुकणाऱ्या जोड्या. केशरीसाठी लाल पूर्ण आणि हिरवा अर्धा पेटवावा लागतो, आणि 'अर्धा' हा प्रकारच या यंत्राला माहीत नाही.

मग तेव्हा केशरी आला कुठून? उत्तराचा पहिला धागा जर्नलमध्येच होता. ते ज्याचं, तो विद्यार्थी आता गावात कृषी केंद्र चालवतो. त्याने ते खतांच्या बिलांच्या फायलींसोबत लोखंडी पेटीत जपून ठेवलं होतं. पिवळी पडलेली रेघी पानं आणि निळ्या शाईतला प्रोग्रॅम. मुलाने झेंडा काढायला मोड २ घेतला होता, आणि ते रास्त होतं. लाल, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा, निळा असे सहा रंग लागत होते आणि मोड १ मध्ये एका वेळी चारच मिळतात. मोड २ चा पडदा १६० बाय २५६ ठिपक्यांचा, आणि ३२ पैकी २० किलोबाइट तोच खाऊन टाकतो. उरलेल्या जागेत मुलाने हे बसवलं.

वरच्या पट्ट्यासाठी एक फॉर-लूप होता, म्हणजे तेच काम दर वेळी आठ आकडे पुढे सरकून पुन्हा करणारा आदेश (स्टेप ८). या यंत्रात चित्र काढण्याचे आकडे १२८० बाय १०२४ च्या हिशोबाने देतात, पण उभ्या दिशेला खऱ्या रेघा २५६ च. म्हणजे एक रेघ चार आकड्यांची. लूपच्या प्रत्येक फेरीत वाय (उभ्या दिशेचा आकडा) वर लाल रेघ आणि वाय अधिक ४ वर पिवळी, म्हणजे लाल-पिवळं अगदी एकाआड एक. खालच्या पट्ट्यात त्याच पद्धतीने हिरवी आणि काळी. आणि समासात सरांच्या लाल पेनाने लिहिलेलं : "एक रेघ लाल, एक पिवळी. टीव्हीवर केशरी दिसते. छान!"

हा शेरा मला फार मोलाचा वाटतो. पस्तीस वर्षांनंतरची आठवण घसरू शकते, शाई घसरत नाही. सरांनी 'पडद्यावर' किंवा 'कम्प्युटरवर' असं लिहिलेलं नाही, 'टीव्हीवर' लिहिलं आहे.

दोन सोपे उपाय आणि ते का नाकारले

माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप होता. त्यातून लगेच दोन सूचना आल्या. पहिली अशी की एम्युलेटरच्या रंगांच्या तक्त्यात लालाच्या जागी केशरीचा आकडा टाकून द्यावा. असं केलं तर झेंडा सुधारेल, पण त्याच जर्नलमधल्या पुढच्या प्रोग्रॅममध्ये घर आहे आणि त्या घराचं छप्पर लालात आहे, ते बिघडेल. शिवाय तक्ता बदलणं म्हणजे त्या यंत्राला कधीच नसलेला रंग देणं. मुलाची जी हुशारी दाखवायची, तीच पुसली जाते.

दुसरी सूचना पुण्यात आयटीत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याची. म्हणाला, "सर, रेडिमेड सीआरटी फिल्टर लावा, सगळं धूसर होऊन रंग मिसळतील." हा फिल्टर जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसारखं चित्र धूसर करतो. ते करून पाहिलं. लाल-हिरवा-निळा यांचा जोर ० ते २५५ असा मोजला, तर लाल २५५-०-० आणि पिवळा २५५-२५५-० यांची सरळ सरासरी २५५-१२८-० येते आणि ती दिसायला केशरी असते. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी आले.

सरांनी तोही नाकारला, आणि त्यांनी जे कारण दिलं त्याने या प्रकरणाची दिशा ठरली. म्हणाले, "लांबून ठीक आहे. पण टीव्हीच्या जवळ गेलं का रेघा दिसायच्या ना. रेघा होत्या, पण दोन्ही केशरीच. एक फिक्की, एक गडद. आता याच्यात रेघच नाही. अन् अक्षरं पाय कशी फासटली, तशी नव्हती ती."

म्हणजे तीन गोष्टी एकदम जुळायला हव्या होत्या. लांबून केशरी दिसावा. जवळून रेघा दिसाव्यात, पण लाल-पिवळ्या नव्हे, फिकट आणि गडद केशरी. आणि अक्षरं ठसठशीत राहावीत. नुसत्या धूसरपणाने हे होत नाही, कारण तो उजेड आणि रंग दोन्ही एकसारखे पसरवतो. सरांच्या वर्णनात रंग पसरला आहे आणि उजेड आपल्या जागी आहे. टीव्हीचं तंत्र जाणणाऱ्याला हे वर्णन ऐकताच एकच नाव आठवेल : पाल, म्हणजे रंगीत टीव्हीची सिग्नल पाठवण्याची पद्धत.

केबल काय सांगते

त्याआधी एक शंका दूर करायची होती. बीबीसी मायक्रोच्या मागे तीन प्रकारे चित्र निघतं. आरजीबी सॉकेटमधून लाल-हिरवा-निळा वेगवेगळे येतात, आणि ते आरजीबी मॉनिटरला जोडलं तर पालचा संबंधच येत नाही. मॉड्युलेटरमधून यूएचएफ चॅनल ३६ वर टीव्हीचा सिग्नल निघतो. तिसरा मार्ग बीएनसी सॉकेटचा कॉम्पोझिट व्हिडिओ, म्हणजे सगळं चित्र एकाच तारेतून नेणारा सिग्नल, जो कारखान्यातून निघताना साधारणपणे काळा-पांढरा असे. शाळेत कुठला मार्ग वापरला होता, यावर सगळं अवलंबून होतं.

कपाटातल्या यंत्रासोबत एक जाड काळी केबल गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या एका टोकाला बीएनसी, दुसऱ्याला आरसीए पिन. यंत्राचं झाकण काढलं आणि बोर्डवर एस-३९ नावाची जोडणी शोधली. कॉम्पोझिटमध्ये रंग मिसळायचा की नाही, हे ती ठरवते. ती सोल्डरने जोडलेली होती. कुणीतरी मुद्दाम रंग चालू करून घेतला होता. दूरदर्शन तेव्हा आपल्याकडे व्हीएचएफवर दिसायचं, आणि प्रत्येक टीव्हीला यूएचएफचा ट्यूनर असेलच असं नव्हतं. व्हिडिओ-इनचा रस्ता धरला गेला त्यात नवल नाही. शंका मिटली : मुलांनी पाहिलेला प्रत्येक रंग पालमधून गेलेला होता.

पालच्या आत

पाल ही टेलिफुंकेनच्या वॉल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकात घडवलेली रंगीत टीव्हीची पद्धत. आपल्याकडे १९८२ मध्ये एशियाडच्या सुमाराला रंगीत दूरदर्शन आलं ते याच पद्धतीचं, ६२५ रेघांचं. चित्राचे दोन भाग असतात. ल्युमा म्हणजे उजेडाची बाजू, क्रोमा म्हणजे रंगाची. ल्युमाला भरपूर जागा मिळते, म्हणून ती स्पष्ट जाते. क्रोमा ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून जाते आणि तिला जागा थोडी मिळते, जेमतेम १.३ मेगाहर्ट्झच्या आसपास. बीबीसी मायक्रोच्या बोर्डवर १७.७३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. त्याला चारने भागलं की हीच ४.४३ ची लहर मिळते.

आता ब्रुख यांची खरी करामत. वाटेत रंगाच्या लहरीचा कोन सरकला तर रंगच बदलतो, माणसाचा चेहरा हिरवट होतो. म्हणून पालमध्ये रंगाच्या दोन घटकांपैकी एकाची दिशा दर रेघेला उलटवतात. टीव्हीत एक डिले लाइन असते. ती आधीच्या रेघेचा रंग ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे बरोबर एक रेघभर, धरून ठेवते आणि चालू रेघेच्या रंगाशी त्याची सरासरी काढते. एका रेघेतली चूक दुसरीतल्या उलट चुकीने कटते. याची किंमत एवढीच, की उभ्या दिशेला लागोपाठच्या दोन रेघांचा रंग एक होतो. उजेड मात्र ज्या रेघेचा त्याच रेघेवर राहतो.

प्रक्षेपणातल्या चित्रात हे सहसा जाणवत नाही. पण कुणी मुद्दाम एक रेघ लाल आणि एक पिवळी काढली, तर टीव्ही त्या दोघींना तिसराच रंग देतो. तो किती, हे कागदावर मांडता येतं, आणि मला वाटतं ते मांडलंच पाहिजे.

काळा ० आणि पांढरा १ धरला, तर शुद्ध लालाची ल्युमा ०.२९९, पिवळ्याची ०.८८६. लालाचे रंग-फरक (लाल वजा ल्युमा, निळा वजा ल्युमा) ०.७०१ आणि उणे ०.२९९. पिवळ्याचे ०.११४ आणि उणे ०.८८६. डिले लाइन दोघांची सरासरी काढते : ०.४०८ आणि उणे ०.५९३. ही सरासरी दोन्ही रेघांना मिळते, पण प्रत्येक रेघेची ल्युमा तिचीच राहते. आता पुन्हा लाल-हिरवा-निळा काढला, की जी रेघ लाल होती ती ०.७१, ०.२१, ० होते, म्हणजे गडद, तांबूस केशरी. जी पिवळी होती ती १.२९, ०.७९, ०.२९ होते, म्हणजे फिकट केशरी.

एक फिक्की, एक गडद. सरांनी जे आठवणीतून सांगितलं होतं, तेच हिशोबातून निघालं. हे आकडे पाहिले तेव्हा मला अतिशय आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही.

एकाच्या वर गेलेला लाल

फिकट रेघेत लाल १.२९ आला, म्हणजे एकाच्या वर. एम्युलेटर लिहिणारे बहुतेकदा इथे १ वर कापून मोकळे होतात, आणि नेमका इथेच केशरी हातचा जातो. पिक्चर ट्यूब १ वर थांबत नसे. कॉन्ट्रास्ट अगदी शेवटपर्यंत फिरवलेला नसेल तर तिची लाल गन (लाल रंग पेटवणारा भाग) पांढऱ्याच्या वेळी असते त्याहून जास्त जोर लावू शकते. आजचा एलसीडी २५५ च्या पलीकडे जाऊच शकत नाही.

दोन्ही रेघांचा उजेड डोळ्यात एकत्र होतो, तो सिग्नलच्या नव्हे तर खऱ्या प्रकाशाच्या हिशोबाने. म्हणून सरासरीआधी गॅमा, म्हणजे सिग्नलच्या आकड्यावरून ट्यूबचा खरा प्रकाश काढण्याचा घातांक, लावावा लागतो. मी २.२ धरला. पालच्या कागदोपत्री २.८ आहे, पण प्रत्यक्ष ट्यूबा त्याहून कमी भरतात. १ वर कापून हिशोब केला आणि लाल घटक २५५ धरला, तर लांबून दिसणारा रंग साधारण २५५-१७४-६३ येतो, पिवळट. न कापता केला तर २५५-१४४-५२. वेबवर तिरंग्यासाठी सर्रास वापरला जाणारा केशरी २५५-१५३-५१ आहे.

या जुळण्यात योगायोगाचा वाटा आहे, हे मान्य. आठ रंगांतून दुसरी कुठलीही जोडी घेतली असती तर असं जुळलं नसतं. तरीही शाळकरी मुलगा पडद्याकडे पाहून 'हाच केशरी' म्हणून थांबला, तो उगाच थांबला नव्हता. आणि एम्युलेटरमध्ये सुरुवातीला जो पिवळा दिसला, त्याचाही खुलासा होतो. कच्च्या लाल-पिवळ्या रेघा लांबून प्रकाशाच्या हिशोबाने मिसळल्या की २५५-१८६-० होतात.

उपाय सरळ आहे. सगळं चित्र आधी इतकं मंद करायचं की १.२९ सुद्धा पडद्याच्या आवाक्यात येईल, आणि मग टीव्हीचा बॅकलाइट वाढवून उजेड भरून काढायचा. सभागृहात पडदे ओढून घेतले की हे छान जमतं.

खालच्या पट्ट्याचा हिशोबही असाच. हिरवी आणि काळी रेघ एकाआड एक. कच्च्या एम्युलेटरमध्ये लांबून ०-१८६-० दिसतो, भडक पोपटी अंगाचा. पालमधून तो ५५-१५१-५५ च्या घरात येतो, शांत आणि गडद. झेंड्याचा हिरवा असाच गडद असतो.

अशोकचक्राची गंमत वेगळी. मोड २ चा एक ठिपका पाव मायक्रोसेकंदाचा असतो. क्रोमाच्या मर्यादित जागेत एवढ्या बारीक निळ्या आऱ्यांचा रंग मावत नाही, तो आजूबाजूच्या पांढऱ्यात पसरून फिका पडतो. पण निळ्याची ल्युमा फक्त ०.११४ असल्याने आरे गडद उमटतात. म्हणजे टीव्हीवर चक्राचे आरे निळे कमी आणि शाईसारखे काळसर जास्त दिसतात. अक्षरं ठसठशीत राहण्याचं कारणही तेच : ती ल्युमात असतात.

खऱ्या ट्यूबवर पडताळा

हिशोब कितीही गोड लागला तरी ट्यूबवर पाहिल्याशिवाय मी तो शाळेच्या हाती देणार नव्हतो. दारव्ह्यात एक टीव्ही मेकॅनिक आहेत, वय साठीच्या पुढे. त्यांच्या दुकानात माळ्यावर एकवीस इंची जुना रंगीत टीव्ही होता. मी विचारलं, "भाऊ, हा चालू होईल का?" म्हणाले, "चालू कायले नाही होणार? ट्यूब चांगली आहे. एलओटीजवळ ड्राय सोल्डर असंन, मारून देतो." त्यांनी एलओटीचा, म्हणजे ट्यूबला जास्त व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, टाका मारला, डीगॉस केलं, म्हणजे ट्यूबवर साचलेलं चुंबकत्व काढलं, आणि पुढे स्टॅबिलायझर लावून दिला, कारण दुपारी त्या लाइनवर व्होल्टेज खाली येतं.

शाळेचं यंत्र उठवायला पॉवर सप्लायमधले मेन्स फिल्टरचे कागदी कपॅसिटर बदलावे लागले. त्यांचं कवच भेगाळलेलं होतं. या वयाची पेटी तशीच सुरू केली तर ते हमखास धूर काढतात, म्हणून आधी बदलूनच वीज दिली. मग तीच जुनी केबल, तीच एस-३९, आणि मोड २.

झेंडा आला. लांबून केशरी दिसला. काचेला नाक लावलं तर फिकट आणि गडद रेघा दिसल्या, दोन्ही केशरी. अक्षरं थोडी थरथरत होती, आणि सर लगेच म्हणाले, "हे पाय, अशीच हलायची!" तीही गोष्ट तंत्राला धरून आहे. हे यंत्र मुळात इंटरलेस ठेवतं. एकच चित्र दोन फील्डमध्ये अर्ध्या रेघेच्या फरकाने पडतं, म्हणून आडव्या कडा सेकंदाला २५ वेळा वरखाली होतात. स्टार-टीव्ही ०,१ असा आदेश देऊन मोड पुन्हा घेतला की ते थांबतं.

फोटो काढताना मोबाइल स्वतःच रंग सुधारायला जातो, म्हणून व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर दोन्ही बांधून घेतले, शटर १/२५ सेकंद ठेवलं, आणि आधी त्याच ट्यूबवर पांढरा पडदा टिपून तो पांढरा मानला. एम्युलेटरचं चित्र शेजारी ठेवलं तेव्हा केशरीत आणि हिरव्यात डोळ्याला सांगता येईल असा फरक उरला नाही.

एक फरक मात्र निघाला, रंगाचा नव्हे तर आकाराचा. एम्युलेटरची खिडकी चित्र ५:४ मध्ये बसवत होती. टीव्हीवर मात्र हे चित्र ४० मायक्रोसेकंद रुंद आणि २५६ रेघा उंच असतं, आणि ४:३ च्या काचेवर त्याचं प्रमाण १.१५ च्या जवळ येतं. म्हणजे चक्र थोडं उभट. मेकॅनिकभाऊंच्या टीव्हीवर फूटपट्टी लावली तेव्हा ते उभटच भरलं. दर टीव्हीची रुंदी-उंची थोडी वेगळी लावलेली असते, म्हणून एम्युलेटरमध्ये मी हिशोबातलं प्रमाण ठेवलं.

साक्षीदारांची परीक्षा

आठवणींवर एका मर्यादेपलीकडे विसंबू नये, विशेषतः तिरंग्याच्या बाबतीत. झेंड्याचा केशरी सगळ्यांना पाठ असतो. त्यांना तेव्हाचा पडदा आठवतो की झेंडा, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून त्या वर्गातल्यांना आधी झेंडा दाखवलाच नाही, घर दाखवायचं ठरवलं. त्या घराचं छप्पर लाल आणि काळ्या रेघांचं. त्याचा रंग 'काय असायला हवा' हे कुणाला आधीपासून माहीत असण्याचं कारण नव्हतं.

काहीही न दाखवता विचारलं, छप्पर कोणत्या रंगाचं होतं. कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले, "जुन्या कवेलूसारखं, काळपट लाल." त्या वर्गातल्या एक बाई, आता अंगणवाडीत आहेत, म्हणाल्या, "लाल, पण कुंकवासारखा नाही. मरून म्हणा." पालच्या हिशोबाने ते लांबून १३४-२८-२८ येतं. कच्च्या एम्युलेटरमध्ये १८६-०-०, चांगला लखलखीत लाल. मग नाव न सांगता कच्चं, धूसर आणि पाल अशी तीन चित्रं क्रम बदलून दाखवली, आधी लांबून, मग जवळून. लांबून कच्चं चित्र जवळपास सगळ्यांनी बाजूला काढलं. धूसर आणि पाल यांत मात्र लांबून मतं फुटली, आणि ते साहजिक आहे, कारण दोघांचा लांबचा रंग फारसा वेगळा नाही. जवळ नेलं तेव्हा निकाल लागला : रेघा हव्यात, अक्षरं स्पष्ट हवीत. पालच.

ज्याचं उत्तर हिशोबात नाही

टीव्हीवर कलरचं बटण असतं. गावात सिग्नल अशक्त यायचा. अँटेना उंच बांबूवर, खाली बूस्टर, तरी चित्र फिकं. म्हणून बहुतेक घरांत कलर चढवूनच ठेवलेला असायचा. शाळेतला टीव्ही कसा लावलेला होता, हे कुठलीही केबल किंवा जर्नल सांगू शकत नाही. इथे मी मधली जागा धरली आणि एम्युलेटरमध्ये कलर, कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस ही तिन्ही बटणं खरीखुरी फिरवता येतील अशी ठेवली. टीव्हीचा रंग ही एकच एक संख्या नव्हती. ती घराघरात फिरणारी गोष्ट होती, आणि ते फिरणंही अस्सलपणाचाच भाग आहे.

पांढऱ्याचाही प्रश्न होता. जुन्या टीव्हींचा पांढरा निळसर लावलेला असे. मेकॅनिकभाऊंचा टीव्ही पांढऱ्या कागदाशेजारी ठेवला की ते स्पष्ट दिसतं. पण तेव्हा वर्गात खिडक्या लावून मुलं त्या पडद्याकडे पाहत, आणि डोळा त्यालाच पांढरा मानून घेई. आज ट्यूबलाइटच्या सभागृहात तोच निळसरपणा आणला तर तो पांढऱ्याऐवजी निळा वाटेल. म्हणून तो आणायचा नाही, असं मी ठरवलं. यावर दुसरं मत असू शकतं. वस्तुसंग्रहालयाच्या अंधाऱ्या खोलीत मीही कदाचित वेगळं करीन.

शाळेचा प्रोजेक्टर वापरू दिला नाही. त्याच्या सर्वांत उजळ मोडमध्ये रंग हिरव्याकडे झुकतात, आणि झेंड्याच्या बाबतीत ते परवडणारं नव्हतं. त्याऐवजी मुख्याध्यापक बाईंनी ऑफिसातला एलईडी टीव्ही दिला. त्याचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून काढला, शार्पनेस शून्यावर आणला, आणि मोशन वगैरेच्या सगळ्या सुधारणा बंद केल्या. शार्पनेस चालू राहिला तर तो दोन्ही केशरी रेघांमधली कड उगाच उठवून दाखवतो.

शाळेत आता झेंड्याची मांडणी अशी आहे. लॅपटॉपवर एक कळ दाबली की यंत्राच्या मेमरीतलं कच्चं चित्र येतं, पुन्हा दाबली की टीव्हीतून गेलेलं. शेजारी काचेखाली जर्नलचं ते पान, सरांच्या शेऱ्यासह. शेडरमधले (चित्रावर हे हिशोब करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधले) सगळे आकडे, म्हणजे ल्युमाचे गुणक, डिले लाइनची सरासरी, गॅमा आणि मंद करण्याचं प्रमाण, मी एका कागदावर मराठीत लिहून दिले आहेत, म्हणजे पुढे एम्युलेटर बदलला तरी चित्र तेच राहील. नववीच्या मुलींनी त्याच पद्धतीने किरमिजी आणि पांढऱ्या रेघांतून गुलाबी काढायला घेतला आहे. तो कसा येईल हे आधी वहीत मांडायचं आणि मग पडद्यावर पाहायचं, असं त्यांना विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं आहे.